पाणी आंबू नये म्हणून

आमचे सर दोन तऱ्हेची मराठी बोलत. वर्गात उभे राहिले की छापील. "विद्यार्थी मित्रहो, शैवालवर्गीय वनस्पतींच्या ठायी…" असं सुरू करायचे आणि तास संपेपर्यंत एकही अनुस्वार खाली पडू द्यायचे नाहीत. मग प्रयोगशाळेत येऊन कोटाची बटणं सोडायचे, खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेल्या काचेच्या बरण्यांपुढे कमरेत वाकायचे आणि म्हणायचे, "काऊन बे, आज तोंड पाडून काऊन बसला?"

हे शेवाळाला. मी रुजू झालो त्या सकाळी मला वाटलं, मलाच. मलकापूरला रेल्वेतून उतरून, एस.टी.त उभ्याने घाट चढून मी बुलढाण्याला पोचलो होतो आणि अंग अगदी आंबून गेलं होतं. मी म्हणालो, "नाही सर, प्रवासाने जरा…" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि छापील मराठीत म्हणाले, "बसा. तुम्ही आंबलेले दिसता. पाणीही आंबलं आहे. आधी त्याचं पाहतो."

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्ह्याच्या गावी नवं कॉलेज निघालं होतं, सर तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे पगारपत्रकावर. प्रत्यक्षात मी पाणक्या होतो. अजूनही गुडघे कुरकुरायला लागले की मला पाण्याचे डबे घेऊन चढलेला लोणारचा उतार आठवतो आणि सरांना दोन शब्द सुनवावेसे वाटतात. ते आता नाहीत, म्हणून गप्प बसतो.

लोणारचं सरोवर आमच्याच जिल्ह्यातलं. पाणी मिठाने आणि सोड्याने इतकं खारं की त्यात मासा जगत नाही, पण एक हिरवं-निळं शेवाळ मात्र मजेत वाढतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याचा एकेक धागा वेटोळी घातलेला दिसतो. सरांनी पुष्कळ वर्षांपूर्वी त्यातला एकच धागा वेगळा काढला होता आणि त्याचाच वंश बरण्यांतून वाढवत आणला होता. त्यात दुसरं काही मिसळू दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की पाणी जसंच्या तसं राहिलं तर वेटोळं राहतं, पाणी बदललं की वेटोळं सुटतं, धागा सरळ होतो आणि मरतो. या एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहायला घेतला होता. त्यांच्या खेड्यात शाळेच्या पुढे गेलेले ते पहिलेच. डॉक्टर होणं ही त्यांच्या दृष्टीने काय चीज होती हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कॉलेजात कुणी चुकून "डॉक्टरसाहेब" म्हटलं की त्यांचे कान लाल होत.

पाणी जसंच्या तसं ठेवायचं. ऐकायला किती सोपं वाटतं. शेवाळ जोमाने वाढलं की पाण्याचा खारेपणा, म्हणजे मिठाचा नव्हे, सोड्याचा, चढतो. मेलेलं तळाशी साचून कुजायला लागलं की पाणी आंबतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि उरलेलं दाट होत जातं. सर बरणीवर खडूने रेघ मारून ठेवत. रेघेखाली पाणी गेलं की भर घालायची. एकदा मी भर म्हणून लोणारहून आणलेलंच पाणी ओतायला निघालो तर त्यांनी माझं मनगट धरलं. उडून जातं ते नुसतं पाणी, खार मागेच राहतो, मग भर कशाची घालायची, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत हात धरूनच उभे राहिले. मी मुकाट्याने स्टोव्ह पेटवून वाफेचं शुद्ध पाणी करायला बसलो. थेंब थेंब पाणी पडताना पाहणं ही शिक्षा ज्याने भोगली असेल त्यालाच कळेल.

या कामाची खरी रड निराळीच होती. ते नीट झालं तर दिसतच नाही. भिंत बांधणाऱ्याची भिंत दिसते, स्वयंपाक करणारीचा स्वयंपाक दिसतो. आम्ही दिवसभर राबायचो ते संध्याकाळी पाणी सकाळसारखंच असावं म्हणून. प्राचार्य कधी डोकावले तर म्हणायचे, "काय, चालू आहे ना?" आणि सर म्हणायचे, "आहे तसंच आहे." प्राचार्यांना ते आळशी माणसाचं उत्तर वाटे. मला ते ऐकून दमायला होई.

'आंबलं' हा सरांचा शब्द. माणसांनाही तोच लावत. स्टाफरूममध्ये कुणी फार चिडचिड करायला लागलं की "ते आंबले," म्हणून उठून यायचे. मी रजा मागायला गेलो तर माझा चेहरा न्याहाळायचे आणि खरंच आंबलो असेन तर लगेच द्यायचे, नाहीतर म्हणायचे, "अजून आठ दिवस टिकाल." स्वतः कधी रजा घेतली नाही. दिवाळीत, उन्हाळ्यात कॉलेज ओस पडे तेव्हा सर सकाळ-संध्याकाळ बरण्यांपाशी.

खारेपणा चढला की तो उतरवण्याचा त्यांचा उपाय पाहून विद्यार्थी तोंड लपवून हसत. एक काचेची नळी घ्यायचे, एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात, आणि फुंकत बसायचे. बुडबुडे येत. मधूनमधून पीएचचा कागद बुडवून त्याचा रंग पाहायचे, पुन्हा फुंकायचे. श्वासातल्या वायूने पाणी जागेवर येतं, हे शास्त्र खरंच आहे. पण डोळे बाहेर आलेले, कानशिलं फुगलेली, कोट घातलेला प्रौढ माणूस बरणीत फुंकताना पाहिला की शास्त्र आठवत नाही. मी एकदा सायकलचा पंप सुचवला. त्यांना तो पसंत नव्हता. पंपाच्या हवेत त्यांना हवा तो वायू पुरेसा नव्हता, शिवाय तिला तेलाचा वास यायचा. वासावरून आठवलं, ते पूर्वी तंबाखू खात. या फुंकण्यापायी त्यांनी ती एका दिवसात सोडली. त्यांच्या घरी वहिनींनी मला चहा देताना एकदा सांगितलं, "म्या लग्न झाल्यापासून सांगून राह्यली होती, सोडा म्हनून. माह्यासाठी नाई सुटली. हिरव्या पान्यासाठी सुटली." बोलताना त्या हसत होत्या, पण चहाचा कप जरा आपटलाच त्यांनी.

वहिनींचा राग रास्त होता. मलकापूरच्या एका नव्या कॉलेजात सरांना प्राचार्य म्हणून बोलावणं आलं होतं. रेल्वेचं गाव, बाजारपेठ, वहिनींचं माहेरही तिकडचंच. सरांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला, दिवसभर फुंकत बसले आणि संध्याकाळी नाही म्हणून कळवून टाकलं. मलकापूरच्या उन्हाळ्यात या बरण्या टिकणार नाहीत, बुलढाण्याची हवा थंड आहे, हे कारण. त्यांनी हे कारण वहिनींना दिलं, प्राचार्यांना दिलं, मलाही दिलं, आणि प्रत्येक जण, त्यांना वेड लागलं असावं तसा, त्यांच्याकडे पाहत राहिला. मला त्या दिवशी त्यांची दया आली नाही, मत्सर वाटला. एवढं चिकटून राहावं असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं.

सरांना समजावण्याचा हक्क सोडायला तयार नसलेला एकच माणूस होता, त्यांचे वडील. रोहिणखेडजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. बाजाराच्या दिवशी वांगी-मेथी घेऊन बुलढाण्याला यायचे, माल खपला की धोतराचा सोगा झटकत प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसायचे. अंगाने काटक, आवाज मोठा. मुलगा काय काम करतो याविषयी त्यांची समजूत पक्की होती. सरकारने त्याला हे घाण झालेलं पाणी नेमून दिलं आहे, ते साफ झालं की तो मोकळा. म्हणून आल्या आल्या बरण्यांकडे पाहून विचारायचे, "होत आलं काय?"

सरांनी एकदा नेटाने समजवायचा प्रयत्न केला. त्यांनी सांगितलं की पाणी साफ करायचं नाही, आहे असंच ठेवायचं आहे. म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "असंच ठेव्याचा पगार भेटते?" सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो. म्हातारा हसला नाही. त्याला वाटलं, मुलगा त्याच्यापासून काहीतरी लपवतोय.

कारण त्याचं दुखणं वेगळं होतं. मुलगा घरी येत नव्हता. पोळ्याला नाही, अक्षय्य तृतीयेला नाही, आई आजारी होती तेव्हा आला तो सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. दर खेपेला म्हातारा जाताना दारात थांबून म्हणायचा, "तुवं हे काम होऊन जाऊ दे. मंग येशीन." आणि सर म्हणायचे, "येईन ना, बाबा." मी या दोघांना हे इतक्या वेळा बोलताना ऐकलं की पुढे पुढे मी त्या वेळी खिडकी लावायला नाहीतर उघडायला जायचो.

मग प्रबंधाचं घोडं अडलं. परीक्षकांना शंका आली. इतकी वर्षं एकाच धाग्याचा वंश वेटोळ्यासकट बरणीत टिकतो हे त्यांना पटेना. खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत, मोठी माणसं तसं म्हणत नाहीत. मुंबईला जाता जाता मलकापूरला उतरून वर येतो आणि डोळ्यांनी पाहतो, असं त्यांनी कळवलं. सरांना यात अपमान वाटला नाही. उलट त्यांना आनंद झाला. दाखवायला काहीच नसलेल्या कामाकडे पाहायला कुणीतरी घाट चढून येणार होतं.

त्या आठवड्यात आम्ही दोघंही आंबलो. बरण्यांच्या काचा बाहेरून पुसल्या. शेवाळ असं तरारून आलं होतं की खिडकीतलं ऊन बरणीतून जाऊन टेबलावर हिरवं पडायचं. सरांनी राखीव म्हणून थोडं थोडं परीक्षानळ्यांत भरून ठेवलं होतं, त्याही रांगेत लावल्या. सूक्ष्मदर्शकाखाली वेटोळी अशी देखणी दिसत होती की मी, आठ वर्षं पाणी वाहून दमलेला माणूस, त्यांना मनातल्या मनात शाबास म्हणालो.

नेमका तो बाजाराचा दिवस निघाला. सकाळीच माल खपवून म्हातारा आला. मोठे साहेब येणार, सरांच्या कामाचा आज निकाल, हे कानावर पडल्यावर तो ताठ बसला. आम्हाला एस.टी. स्टँडवर पाहुण्यांना आणायला जायचं होतं. सर म्हणाले, "बाबा, बसा इथं. आम्ही येतोच." आणि आम्ही गेलो. गाडी घाटात अडकली होती, ती उशिरा आली. पाहुणे उतरले, एक सौम्य, गोरे, थकलेले गृहस्थ. प्राचार्य त्यांना हातपाय धुऊन चहा घ्यायला आपल्या खोलीत घेऊन गेले आणि आम्ही पुढे होऊन प्रयोगशाळेत आलो.

दारातूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टेबलावर हिरवं ऊन नव्हतं. साधं पांढरं ऊन होतं. बरण्यांतलं पाणी वरपासून खालपर्यंत आरपार निवळलेलं, पलीकडच्या खिडकीचे गज दिसत होते. तळाशी हिरवट साका बसला होता. म्हातारा टेबलापाशी उभा होता, बाह्या वर सरकवलेल्या, हात कोपरापर्यंत ओले.

"आता पाह्य," तो मुलाला म्हणाला.

त्याने तुरटी फिरवली होती. आमच्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या रांजणात प्रत्येक घरी फिरवतात तशी. बाजारातून चांगला मुठीएवढा खडा आणला होता. तो सांगत होता आणि सर ऐकत होते. पहिल्यांदा पाणी ऐकतच नव्हतं. मग फसफसून फेस आला, तेव्हा त्याला वाटलं, बापा, केवढा मळ असेल यात. म्हणून तो खडा झिजून बोराएवढा होईस्तोवर फिरवत राहिला, एका बरणीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. सोड्याचं खारं पाणी आणि तुरटी, फसफसणारच. फसफसता फसफसता माझी आठ वर्षं आणि सरांची त्याहून जास्त वर येऊन फुटली असतील, असा विचार माझ्या मनात आला.

सरांनी एकच विचारलं. "नळ्यांत बी?"

"हो. त्याईत खडा जात नोता, मंग चुरा करून टाकला." मळ्यात एखादा वाफा निंदायचा बाकी ठेवणारा तो माणूसच नव्हता.

सरांनी तळातला साका थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहिलं. मग बाजूला होऊन मला पाहू दिलं. पांढऱ्या गोळ्यांत अडकलेले तुकडे होते. एखादं वेटोळं अर्धवट सुटलेलं, बाकी सगळा चुरा. लोणारला जाऊन नवं पाणी आणता आलं असतं, नवं शेवाळही. पण तो एका धाग्याचा वंश तिथे मिळणार नव्हता. तो फक्त या टेबलावर होता.

मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. मी तोंड उघडलं तेवढ्यात सरांनी मान हलवली. अगदी थोडी, पण मी तोंड मिटलं. म्हातारा मुलाच्या तोंडाकडे पाहत होता. जणू परीक्षेचा निकाल त्याचाच लागायचा होता.

सरांनी त्याच्या खांद्यावरचं उपरणं काढून त्याचे हात पुसले. "बसा बाबा," ते म्हणाले. "लय मेहनत केली."

पाहुणे आले. बोलणं इंग्रजीत झालं, त्यामुळे स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याला नुसते चेहरे दिसत होते. पाहुण्यांनी बरण्या पाहिल्या, चष्मा काढून पुन्हा पाहिल्या आणि काय झालं ते विचारलं. सरांनी सांगितलं की पाण्याची प्रकृती बिघडली. कशी, असं पाहुण्यांनी विचारलं. माझ्या हातून, असं सर म्हणाले. प्राचार्य मध्येच काहीतरी सावरायला लागले, ते कुणी ऐकलं नाही. पाहुण्यांनी सूक्ष्मदर्शकातून तो चुरा पाहिला. माणूस खरोखर भला होता. वाईट वाटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण जे पाहायला आलो ते नाही म्हटल्यावर त्यांना शिफारस करता येणार नव्हती. पुन्हा वंश तयार करा, काही वर्षांनी बोलवा, मी येईन, असं ते म्हणाले. सरांनी त्यांचे आभार मानले, तेही छापील इंग्रजीत. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन गेले आणि खोलीत आम्ही तिघंच उरलो.

"काय म्हने सायेब?" म्हाताऱ्याने विचारलं.

सरांनी कोट काढला, घडी घातली, हातावर टाकला. "म्हने, पानी लय साफ हाये."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की माझा राग त्याच्यापुढे टिकला नाही, आणि मला त्याचाही राग आला. तो उठून मुलाजवळ गेला. "मंग? झालं ना आता तुवं काम?"

सर बरण्यांकडे पाहत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल, रडेल, निदान बापाला एक शब्द बोलेल. तसं झालं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

"हो बाबा," ते म्हणाले. "झालं."

"मंग चाल घरी. बुढी वाट पाहून राह्यली."

सरांनी बापाची भाजीची रिकामी टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. भर दुपारी, कॉलेज भरलेलं असताना, मी त्यांना पहिल्यांदाच घरी जायला बाहेर पडताना पाहत होतो. दाराशी गेल्यावर ते थांबले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरण्या धुऊन ठेवा."